मागील इतिवृत्त वाचून कायम

दर महिन्याचा दुसरा सोमवार, संध्याकाळी सात.
शाळेच्या वाचनालयात, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर
मंडळाचे सातजण गुडघे सांभाळत बसतात.
मी टेबलाच्या टोकाला. बावीस वर्षं इतिवृत्त लिहिते आहे.
बाहेर कॅन्ससचा वारा,
धान्याच्या कोठारावर एक दिवा,
त्यापुढे नुसतं सपाट.

विषय एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचत कोणीच नाही. कायम सगळे करतात.

विषय दोन : दूध.
गेल्या वर्षीचाच पुरवठादार, खोक्यामागे अर्धा सेंट जास्त.
हायबर्टबाई विचारतात, चॉकलेटचं दूध बंद करायचं का.
दर वर्षी विचारतात.
दर वर्षी अनुमोदक मिळत नाही
आणि त्या विणकाम पुढे सुरू करतात,
जणू उत्तर सुईवरच होतं.

विषय तीन : व्यायामशाळेचं गळकं छप्पर. पुढे ढकलला.

विषय चार : रखवालदार ऑर्व्हिल टेड्रो यांचा राजीनामा
खेदपूर्वक स्वीकृत.
'खेदपूर्वक' आमच्याकडे छापील नमुन्यातच आहे.
ऑर्व्हिलने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.
त्यात एक किल्ली अशी निघाली
जिचं कुलूप कुणालाच आठवेना, त्यालाही नाही.
तीही स्वीकृत.

विषय पाच : सहा नंबरची बस.
शेवटचा थांबा कच्च्या रस्त्यावरून उचलून
हमरस्त्याच्या वळणावर आणणे.
रोजची अकरा मिनिटं वाचतात, चार गॅलन डिझेल.
त्या थांब्यावर आता एकच मूल चढतं.
अंतर सव्वादोन मैल.
कागदावर ते बोटाच्या पेराएवढं दिसतं, मी मोजलं.

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं.
मागच्या रांगेतून एफ्राइन अर्रेडोंडो उठला,
रात्रपाळीचे रबरी बूट, टोपी हातात.
अध्यक्ष ऑस्ट्रँडरांनी कोंबडीच्या आकाराचं
अंडी उकडायचं घड्याळ पिळून ठेवलं.
तो म्हणाला,
"सकाळी अंधार असतो."
आणि खाली बसला.

अजून काही, अध्यक्षांनी विचारलं.
त्याने मान हलवली.

उरलेल्या वेळाचं काय करायचं, याबद्दल नियमावलीत काही नाही.
घड्याळ थांबवता येत नाही, स्प्रिंगचं आहे.
तेव्हा आम्ही ऐकत बसलो.
टिक टिक. हायबर्टबाईंच्या सुया थांबल्या.
कोणीतरी घसा साफ केला आणि पुढे बोललं नाही.
पृथ्वीचा गोल कपाटावर, एका बाजूने उन्हाने विटलेला.
मला आठवलं,
जानेवारीत इथे पावणेआठपर्यंत हेडलाइट लागतात,
आणि गाडीत मी एकटी असूनही
दारं आतून लावून घेते.

मग कोंबडी वाजली.
सगळे दचकले, एक जण हसला.
ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर.

नियम असा, की नागरिकाचं म्हणणं नोंदवायचं नसतं.
'एक नागरिक बोलले', एवढं पुरे.
घरी टंकताना मी तसंच लिहिलं.
चहा गार झाला. परत आले,
आणि त्यापुढे एक ओळ घातली, त्याचीच,
अवतरणचिन्हं न घालता.

पुढचा दुसरा सोमवार.
विषय एक : मागील इतिवृत्त.
काही दुरुस्ती? अध्यक्षांनी विचारलं, चष्मा शोधत.
कोणाचीच नव्हती.
हात वर झाले, सातही,
एका हातात लोकरीचा गुंडा होता.

तेव्हा कागदोपत्री आता
सात विरुद्ध शून्य मतांनी
सकाळी अंधार असतो.

बस हमरस्त्यावरूनच वळते.
विषय दोन : वाहनतळाचे पट्टे, पिवळे की पांढरे.
यावर चाळीस मिनिटं गेली.